नवविहाराच्या प्रमुखाचा नातू, बगदादचा वजीर : याह्या बर्मकी

अरेबियन नाइट्सच्या गोष्टी आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकल्या आहेत. रात्री वेष पालटून बगदादच्या गल्ल्यांतून फिरणारा खलिफा हारून अल रशीद आणि त्याच्या सोबतीला वजीर जाफर. हा जाफर केवळ गोष्टीतला नाही. तो इतिहासात होऊन गेलेला माणूस आहे आणि त्याचे घराणे मूळचे अफगाणिस्तानातल्या बल्ख शहरातील एका बौद्ध विहाराचे आहे. जाफरचा बाप याह्या बिन खालिद बर्मकी सतरा वर्षे त्या अवाढव्य साम्राज्याचा खरा कारभारी होता. आज आपण या याह्याची ओळख करून घेणार आहोत.

हे आताच कशाला, असे कोणी विचारेल. कारण मध्य आशियातील बौद्ध धम्माचे काय झाले हा प्रश्न आपल्या मोबाइलवर रोज कोणत्या ना कोणत्या रूपात येऊन पडतो आणि बहुतेक वेळा द्वेष पसरवण्यासाठीच येतो. उत्तर म्हणून काहीजण सगळेच नाकारतात. आपल्याला हे दोन्ही करायचे नाही. जे झाले ते झाले तसे पाहायचे आहे.

बल्खचा नवविहार

बल्ख म्हणजे प्राचीन बॅक्ट्रियाची राजधानी. भगवान बुद्धांना बोधीनंतर पहिले अन्नदान करणारे तपस्सु आणि भल्लिक हे दोन व्यापारी या भागातले होते, अशी तिथली परंपरा होती. इ. स. ६३० च्या सुमारास चिनी भिक्खू ह्युएन त्संग तिथे पोहोचले तेव्हा शहरात आणि आसपास शंभराच्या घरात विहार आणि सुमारे तीन हजार भिक्खू होते. त्यातला सर्वांत मोठा तो नवविहार. बुद्धांच्या वापरातले मानले जाणारे पात्र, त्यांचा दंतधातू आणि रत्ने जडवलेला गवताचा झाडू तिथे जपून ठेवला होता. या विहारात प्रज्ञाकर नावाच्या विद्वान भिक्खूंकडे ह्युएन त्संग यांनी काही काळ अभ्यासही केला. म्हणजे हे केवळ पूजेचे ठिकाण नव्हते, ते शिकण्याचे केंद्र होते.

नवविहार या शब्दाचे फारसी-अरबी उच्चारात नौबहार झाले. त्याच्या प्रमुखाला प्रमुख म्हणत, त्याचे झाले बर्मक. बर्मक हे सुरुवातीला माणसाचे नाव नव्हते, ते पद होते. विहाराच्या मालकीच्या मोठ्या जमिनी होत्या, त्यांचे उत्पन्न होते आणि हे पद वंशपरंपरेने एका घराण्यात चालत आले होते. त्यामुळे जमीन, हिशेब, पाणी, यात्रेकरू आणि राजकारण हे सगळे सांभाळण्याची सवय त्या घराला पिढ्यानपिढ्या होती. पुढे बगदादमध्ये हीच सवय कामी आली.

सातव्या शतकाच्या मध्यापासून अरब फौजा या भागात येऊ लागल्या. आठव्या शतकाच्या सुरुवातीला सेनापती कुतैबा बिन मुस्लिम याने हा मुलूख पक्का ताब्यात घेतला. त्या काळचा जो बर्मक होता त्याच्याबद्दल अरबी ग्रंथांत एक आठवण आहे. लहानपणी त्याला काश्मीरला नेण्यात आले आणि तिथे त्याने वैद्यक, ज्योतिर्विद्या आणि भारतीय विद्या शिकल्या, असे त्या ग्रंथांत सांगितले आहे. काश्मीर त्या काळी बौद्ध विद्येचे मोठे केंद्र होते, हे लक्षात घेतले तर ही आठवण अगदी सहज पटते. पुढे हा बर्मक आणि त्याचे घराणे मुसलमान झाले. त्याचा मुलगा खालिद, आणि खालिदचा मुलगा याह्या.

बाप खालिद : विस्कटलेल्या पानांची वही

याह्याला समजून घ्यायचे तर आधी खालिदकडे पाहावे लागते. दमास्कसच्या उमय्या घराण्याविरुद्ध ७४७ मध्ये खुरासानातून उठाव झाला. अरबांच्या वरचढपणाला कंटाळलेले अनेक अरबेतर मुसलमान त्यात होते. खालिद त्यांच्यातलाच एक. ७५० मध्ये अब्बासी घराणे सत्तेवर आले आणि खालिदकडे लष्कर आणि जमीनमहसूल या दोन खात्यांचा कारभार आला.

तोवर सरकारी नोंदी सुट्या पानांवर असत. पान हरवले की नोंद हरवली, पान बदलले की हक्क बदलला. खालिदने ही पाने बांधून त्यांच्या वह्या करण्याची पद्धत सुरू केली, असे मानले जाते. अशा बांधलेल्या वहीला दफ्तर म्हणतात. हाच शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि आज आपली पोरे पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जातात. सातबारा, जातीचा दाखला, जमिनीची मोजणी यांसाठी ज्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना बांधलेल्या नोंदीची किंमत वेगळी सांगायला नको.

खलिफा मन्सूरने ७६२ मध्ये बगदाद वसवायला घेतले तेव्हा सल्लागारांत खालिद होता. जुन्या इराणी सम्राटांचा टेसिफोनचा राजवाडा पाडून त्याच्या विटा नव्या शहराला वापराव्यात, असे मन्सूरच्या मनात होते. खालिदने त्याला विरोध केल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्या वाड्याची भव्य कमान इराकमध्ये आजही उभी आहे.

तुरुंगातून वजिरीकडे

याह्याचा जन्म ७३० च्या दशकातला. बापाच्या हाताखाली त्याने कारभार शिकला, अझरबैजानची सुभेदारी सांभाळली. खलिफा महदीने आपला धाकटा मुलगा हारून याच्या शिक्षणाची आणि कारभाराची जबाबदारी याह्यावर सोपवली. दोन्ही घरांत दुधाचे नाते होते. हारूनच्या आईने याह्याच्या मुलाला, फजलला, दूध पाजले होते आणि फजलच्या आईने हारूनला. हारून याह्याला बाप म्हणूनच हाक मारी.

७८५ मध्ये महदी मेला आणि थोरला मुलगा हादी गादीवर आला. हारूनचा वारसाहक्क काढून तो स्वतःच्या लहान मुलाला द्यावा, अशी त्याची इच्छा होती. हारून स्वतः नमते घ्यायला तयार झाला होता. याह्याने मात्र त्याला हक्क सोडू दिला नाही आणि त्यापायी तुरुंग पत्करला. ७८६ मध्ये हादी अचानक मेला. विशीतला हारून खलिफा झाला आणि त्याने कारभाराचे सर्व अधिकार याह्याच्या हाती दिले.

पुढची सतरा वर्षे याह्या आणि त्याची मुले यांनी राज्य चालवले. फजल आणि जाफर त्यात आघाडीवर होते. उत्तर आफ्रिकेपासून सिंधपर्यंत पसरलेल्या राज्याचा महसूल, सुभेदारांच्या नेमणुका, लोकांचे अर्ज, सगळे या घरातून हलत असे.

कागद, वैद्य आणि ताऱ्यांची गणिते

याच काळात बगदादमध्ये कागद बनू लागला. कागदाचा शोध चीनमधला. तो पश्चिमेला कसा गेला याची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते : ७५१ मध्ये तलास नदीकाठी लढाई झाली, चिनी कैदी समरकंदला आणले गेले आणि त्यांनी कागद करायला शिकवले. पण मध्य आशियात कागद त्याच्या कितीतरी आधीपासून होता. तो तिथवर नेणाऱ्यांत सूत्रांच्या प्रती घेऊन फिरणारे बौद्ध भिक्खू आणि त्यांच्या वाटेवरचे व्यापारी होते. ज्या धम्मात ग्रंथाची प्रत करणे हे पुण्यकर्म मानले गेले, त्या धम्माला स्वस्त आणि हलके लेखनसाहित्य लागणारच होते.

बगदादमध्ये ७९४-९५ च्या सुमारास कागदाचा कारखाना निघाला. सरकारी कामात कागद आणण्याचे श्रेय इब्न खल्दून हा इतिहासकार फजलला देतो, तर दुसरे काही लेखक जाफरला. त्याआधी कचेऱ्यांत कातड्याची पाने वापरत. कातडे महाग, आणि त्यावरचे अक्षर खरवडून तिथे दुसरे लिहिता येई. चिंध्यांपासून केलेल्या कागदात शाई मुरते, खाडाखोड लगेच दिसते. त्यामुळे लाखो लोकांचे देणे-घेणे नोंदवणाऱ्या राज्याला कागद विश्वासाचा वाटला. पुढच्या शतकात बगदादमध्ये कागद आणि पुस्तकांच्या व्यापाऱ्यांचा स्वतंत्र बाजार उभा राहिला आणि त्यात शंभराहून जास्त दुकाने होती.

आता वैद्यकाकडे येऊ. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल नदीम नावाच्या पुस्तक-व्यापाऱ्याने आपल्याला माहीत असलेल्या सगळ्या ग्रंथांची एक प्रचंड सूची केली. तिचे नाव फिहरिस्त. मराठीत आपण जो फेरिस्त शब्द वापरतो तो हाच. या सूचीत आपल्या दृष्टीने फार मोलाच्या नोंदी आहेत. सुश्रुताचा ग्रंथ याह्याच्या हुकमावरून मनका नावाच्या भारतीय वैद्याने अरबी वाचकांसाठी उलगडून दिला. बर्मकींच्या नावाने एक रुग्णालय चालत होते आणि त्याचा प्रमुख इब्न धन नावाचा भारतीय होता. वाग्भटाचा अष्टांगहृदय आणि रविगुप्ताचा सिद्धसार हे ग्रंथ त्याने अरबीत आणले. यातला रविगुप्त बौद्ध वैद्य होता. पुढे ८५० मध्ये अली अल तबरी याने आपल्या वैद्यकग्रंथात भारतीय वैद्यकाला स्वतंत्र भाग दिला आणि त्यानंतर अल राझीच्या महाग्रंथातही भारतीय वैद्यांची मते आली. बल्खच्या विहारातली जुनी ओढ बगदादच्या दवाखान्यात अशी फळाला आली.

खगोलात हेच दिसते. भारतातून एक विद्वान सिद्धान्त-ग्रंथ घेऊन मन्सूरच्या दरबारात आला होता, ७७० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यातून अरबी सिंधहिंद तयार झाले. ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीचा मोठा ग्रंथ अल्माजेस्ट अरबीत आणण्यात पहिल्यांदा रस घेतला तो याह्याने. पहिले भाषांतर त्याला पसंत पडले नाही, म्हणून त्याने ते दुसऱ्या जाणकारांकडून पुन्हा तपासून घेतले. काम झाले म्हणून सोडून न देता ते बरोबर झाले का हे पाहणारा माणूस होता हा. दरबाराला ताऱ्यांत रस होता तो बराचसा मुहूर्त आणि कुंडलीसाठी, हेही खरे. पण कुंडलीसाठी आणलेली गणिते पुढे गणित म्हणूनच वाढली. याह्यानंतरच्या पिढीत अल ख्वारिझ्मीने भारतीय अंकांवर पुस्तक लिहिले आणि दहा चिन्हांनी हिशेब करण्याची रीत त्याच्या लॅटिन भाषांतरांतून युरोपात पोहोचली.

बुद्धांच्या शोधात पाठवलेला माणूस

फिहरिस्तमध्ये आणखी एक नोंद आहे. याह्याने एका माणसाला मुद्दाम भारतात पाठवले. कामे दोन : औषधी वनस्पती आणायच्या आणि तिथल्या लोकांचे धर्म काय आहेत ते लिहून आणायचे. त्या वृत्तान्ताची इ. स. ८६३ मधली प्रत इब्न अल नदीमने पाहिली होती, तत्त्वज्ञ अल किंदीच्या हस्ताक्षरातली. भारतीय धर्मांवरच्या त्याच्या प्रकरणात बामियानच्या मूर्तींचा उल्लेख येतो. बुद्धांच्या बसलेल्या, मंद हसणाऱ्या मूर्तीचे वर्णन येते. बुद्ध म्हणजे नेमके कोण, यावरच्या निरनिराळ्या मतांची नोंदही येते. ती मते आपल्याला अपुरी वाटतील. तरी त्यात शिवीगाळ नाही, विचारणा आहे.

बुद्धांचे जीवन गोष्टीच्या रूपानेही अरबीत गेले. राजवाडा सोडून जाणाऱ्या राजपुत्राच्या त्या कथेत बोधिसत्त्व या शब्दाचे बूदासफ झाले, मग एका नुक्त्याच्या फरकाने यूदासफ. बर्मकींच्या आश्रयातला कवी अबान अल लाहिकी याने पंचतंत्रावरून आलेले कलिला व दिमना पद्यात बांधले आणि ही राजपुत्राची कथाही. पुढे ती जॉर्जियन, ग्रीक आणि लॅटिनमध्ये गेली आणि नायकाचे नाव जोसाफत झाले. युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी शेकडो वर्षे संत म्हणून ज्याला वंदन केले, तो मुळात आपला सिद्धार्थ होता.

याह्याच्या घरी सभा भरत. वेगवेगळ्या पंथांचे मुसलमान विचारवंत आणि पारशी धर्माचा आचार्यही एका बैठकीत बसून वाद करत. अशा एका सभेत प्रेम म्हणजे काय यावर प्रत्येकाने आपले मत मांडल्याचा वृत्तान्त इतिहासकार मसूदीने दिला आहे.

दुसरी बाजू

इथवर वाचून याह्याला छुपा बौद्ध ठरवण्याचा मोह होईल. तो आपण टाळू. याह्या मुसलमान होता, मुसलमान राज्याचा वजीर होता. इब्न खल्लिकान या चरित्रकाराने एक नोंद केली आहे. याह्याचा मुलगा फजल खुरासानचा सुभेदार असताना बल्खला गेला. आपल्या पूर्वजांचे नौबहार पाडायचे त्याने ठरवले. बांधकाम इतके भक्कम होते की सगळे पाडता येईना, म्हणून एक भाग पाडून तिथे त्याने मशीद बांधली. ज्या हातांनी बगदादला कागद दिला, त्याच हातांनी आजोबा-पणजोबांच्या विहारावर घाव घातला.

बाबासाहेबांनी बौद्ध धम्माच्या ऱ्हासाबद्दल लिहिताना बॅक्ट्रिया आणि अफगाणिस्तानातल्या विध्वंसाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. मूर्तीसाठी वापरला जाणारा बुत हा शब्दच बुद्धांपासून आला, हेही त्यांनी दाखवले. पण त्याच लेखनात ब्राह्मणी प्रतिक्रांतीने भारतात धम्माला कसे आधीच पोखरले, हेही ते तितक्याच ठामपणे मांडतात. त्यांच्या लिखाणातले अर्धेच वाक्य उचलून एका समाजाविरुद्ध दुसऱ्याला उभे करणारे लोक बाबासाहेब वाचत नाहीत, वापरतात. नौबहारवरचा घाव खरा आहे आणि सुश्रुताचे भाषांतर, सिद्धसार, बूदासफची कथा हेही खरे आहे. दोन्ही एकाच घरात घडले.

एका रात्रीत

बर्मकींचा शेवट अचानक झाला. जानेवारी ८०३ च्या अखेरीस एका रात्री हारूनच्या हुकमाने जाफरचे डोके उडवण्यात आले आणि त्याच्या प्रेताचे तुकडे बगदादच्या पुलांवर टांगले गेले. याह्या आणि फजल कैद झाले, घराण्याची मालमत्ता जप्त झाली. कारण म्हणून हारूनच्या बहिणीशी जाफरचे प्रकरण होते अशी कथा लोकप्रिय झाली, पण इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. खजिना, सैन्य आणि नेमणुका एका घराच्या हाती आल्या होत्या आणि खलिफाला ते सलत होते, हे जास्त पटणारे आहे. त्यांच्या इस्लामवरही विरोधक संशय घेत. सत्तेच्या शिखरावर असतानाही तुमचे मूळ काय, हा प्रश्न त्यांची पाठ सोडत नव्हता. हे दुखणे आपल्याला अनोळखी नाही.

ज्याने हारूनसाठी एकदा तुरुंग भोगला होता, तो याह्या ८०५ मध्ये हारूनच्याच तुरुंगात, रक्का शहरात मेला. फजल ८०८ मध्ये तिथेच गेला. पुढच्याच वर्षी हारूनही मेला.

उरले ते काय

बर्मकींचे वाडे गेले, दौलत गेली. कागद मात्र थांबला नाही, भाषांतरे थांबली नाहीत. ज्या वह्यांत ती उतरली होती त्या आता शेकडो लोकांच्या हातात होत्या. विद्येचे जे काम एका मालकाच्या मर्जीवर उभे असते ते एका रात्रीत कोसळू शकते. तीच विद्या नकलून, भाषांतरून, अनेकांच्या हाती दिली की कोणा एकाला ती संपवता येत नाही.

बाबासाहेबांना हे नेमके कळले होते. मोठी पदे त्यांच्याकडे चालून आली, तरी शिक्षणाचे काम त्यांनी कोणत्या राजाच्या मेहेरबानीवर ठेवले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. मिलिंद हे नावच बॅक्ट्रियाच्या ग्रीक वारशातून आलेल्या, भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. बल्खचा धागा असा नागसेनवनापर्यंत येतो.

आपल्या वस्तीतल्या विहारात पुस्तकांचे एखादे कपाट असतेच. बऱ्याच ठिकाणी ते कुलूपबंद असते आणि किल्ली कोणाकडे आहे ते सहज सांगता येत नाही. या रविवारच्या वंदनेनंतर ती किल्ली शोधा. आत काय आहे याची यादी एका वहीत करा, जुन्या पुस्तिका आणि स्मरणिका असतील तर त्यांच्या प्रती काढून आणखी दोन विहारांत ठेवा. पाली, उर्दू, तमिळ, जपानी, जी भाषा येत असेल तिच्यातून धम्मावरचे चार पानांचे तरी मराठीत आणा. आणि बल्ख किंवा नालंदा यांच्याबद्दल कोणी अर्धवट मजकूर पाठवला, तर तो पुढे ढकलण्याआधी पूर्ण गोष्ट विचारा.